गाडी उचलणारी गाडी

शर्यत बघताना सगळ्यांचे डोळे पहिल्या गाडीवर असतात. मी मात्र गेली दहा-अकरा वर्षं बंद पडलेल्या गाडीकडे बघते. कुठल्या वळणावर थांबली, तिला न्यायला कोण धावलं, क्रेन कुठून आली, पट्टा कुठे अडकवला, आणि हे सगळं होईपर्यंत बाकीच्या गाड्यांचा वेग किती होता? नवरा म्हणतो, "तू शर्यत बघतच नाहीस, तू ट्रॅफिक पोलिसासारखी बसतेस." त्याचं खरं आहे. मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. आमच्याकडेही सिस्टिम पडली की ती उचलायला रात्री दोनला कुणीतरी उठतं आणि त्याचं नाव कुणाला माहीत नसतं. त्यामुळे असेल, पण या उचलणाऱ्या मंडळींविषयी मला पहिल्यापासून माया आहे.

दुसरं कारण घरातलं. माझे बाबा सरकारी बसच्या एका डेपोत तीस वर्षं मेकॅनिक होते. त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं त्यांनी ब्रेकडाउन व्हॅनवर काढली. रस्त्यात बस बंद पडली, खड्ड्यात गेली, कलंडली, की रात्र असो की सण, बाबा निघाले. दिवाळीत उटणं लावून बसलेले बाबा फोन आल्यावर तसेच कपडे चढवून गेलेले मी पाहिले आहेत.

११ फेब्रुवारी २०२३ ला आपल्या हैदराबादेत फॉर्म्युला ई ची, म्हणजे विजेवर चालणाऱ्या गाड्यांची, भारतातली पहिली जागतिक शर्यत झाली. हुसेन सागरच्या काठचे आपले रोजचे रस्तेच ट्रॅक झाले होते. लांबी २.८३ किलोमीटर आणि १८ वळणं. जिंकला फ्रान्सचा जाँ-एरिक व्हेर्न. मी बाबांना बरोबर नेलं होतं. त्यांना ना चालकांची नावं माहीत, ना संघांची. पण जाळीपलीकडे उभी असलेली क्रेन त्यांनी बसल्याबसल्या हेरली. "क्रेनवाल्याने गाडी बरोबर लावलीय. बूम आधीच ट्रॅकच्या बाजूला आहे. बोलावलं की वळवत बसायला नको." जग्वारच्या दोन गाड्या एका वळणावर एकमेकींवरच आदळल्या तेव्हा सगळं स्टँड ओरडलं, आणि बाबा शांतपणे म्हणाले, "आता बघ, खरं काम आता."

घरी येताना त्यांनी विचारलं, "अगं, या विजेच्या गाडीला हात लावायच्या आधी करंट आहे की नाही ते कसं कळतं?" प्रश्न अगदी नेमका होता. गाडीवर एक दिवा असतो. हिरवा असेल तर हात लावायचा, लाल असेल तर लांब राहायचं. फॉर्म्युला वनच्या हायब्रिड गाड्यांवरही असा दिवा असतो. त्याची गरज किती आहे ते २००८ मध्येच दिसलं होतं. स्पेनमधल्या हेरेस इथे बीएमडब्ल्यू-सॉबर संघाच्या चाचणीत परत आलेल्या गाडीला मेकॅनिकचा हात लागला आणि तो विजेच्या झटक्याने खाली पडला. सुदैवाने वाचला. बाबा ऐकून म्हणाले, "आमच्या वेळी फक्त डिझेल अंगावर सांडायचं."

त्या रात्रीच ठरलं की शर्यतीच्या ट्रॅकवरची एक उचलगाडी आपण छोट्या आकारात बनवायची. आराखडा माझा आणि देखरेख बाबांची.

बरीच माणसं आणि एक ओढा

कामाला लागण्याआधी थोडा इतिहास वाचला. बंद गाडी ओढणारा ट्रक पहिल्यांदा बनवण्याचं श्रेय अमेरिकेतल्या अर्नेस्ट होम्स यांना देतात. टेनेसी राज्यातल्या चॅटनूगा गावात त्यांचं गॅरेज होतं. ओळखीच्या एकाची मोटार ओढ्यात उलटी पडली. दोर, ठोकळे आणि माणसांचं बळ लावून ती काढायला बरीच माणसं आणि बराच वेळ लागला. दमूनभागून परतलेल्या होम्स यांनी ठरवलं की याला काहीतरी यंत्र हवं. १९१६ च्या सुमाराला त्यांनी १९१३ च्या जुन्या कॅडिलॅकवर तीन खांब, एक कप्पी आणि साखळी बसवली. आजच्या सगळ्या टोइंग ट्रकची ती आजी. त्याच गावात आज टोइंग आणि रिकव्हरीचं एक संग्रहालयही आहे. दुसऱ्या महायुद्धात होम्स कंपनीची दोन बूमची यंत्रणा अमेरिकी लष्कराच्या डायमंड टी ट्रकवर बसली. १९६० च्या दशकात ब्रिटनच्या कॉर्गी टॉइजने होम्स ट्रकचं छोटं रूप बाजारात आणलं आणि कितीतरी मुलांच्या हाती ते पोचलं.

बाबांना मी त्या कॅडिलॅकचं चित्र दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "आमची व्हॅन यापेक्षा फार वेगळी नव्हती."

उचलायचं कसं?

शर्यतीची गाडी उचलणं हे रस्त्यावरची गाडी ओढण्यापेक्षा वेगळं काम आहे. फॉर्म्युला वनच्या गाडीला बंपर नाही, आणि पंखांना धरून उचललं तर ते हातात येतील. म्हणून चालकाच्या डोक्यामागे जी मजबूत कमान असते, गाडी उलटली तर त्याचं डोकं वाचवणारी, तिच्यातूनच पट्टा ओवायचा असतो. तेवढी मोकळी जागा कमानीत ठेवलीच पाहिजे असा नियम आहे. तिथून उचलली की गाडी साधारण समतोल लटकते. तरी ती झोक्यासारखी फिरते, म्हणून दोघं-तिघं मार्शल तिला हाताने किंवा दोराने सावरत चालतात.

गाडी गिअरमध्ये अडकली असेल तर ढकलताही येत नाही. त्यासाठी कॉकपिटजवळ बाहेरून दाबता येईल असं एक बटण असतं. पांढऱ्या गोलात लाल रंगात इंग्रजी 'एन'. ते दाबलं की क्लच सुटतो. चालकाने उतरताना काढलेलं स्टिअरिंग परत जागेवर बसवून जायचं, हाही नियमच. नाहीतर ढकलणाऱ्यांनी चाकं वळवायची कशी? टूरिंग कारच्या शर्यतींत गाडीला पुढे-मागे ठळक रंगाचे हूक किंवा पट्टे असतात, दुरून दिसावेत म्हणून.

मोनॅकोत रस्ता अरुंद आणि बाजूला मोकळी जागा जवळजवळ नाही. त्यामुळे तिथे अडथळ्यांमागे क्रेन तयार उभ्या असतात. गाडी थांबली की ती वरच्या वर उचलून भिंतीपलीकडे ठेवतात. २००७ मध्ये नुरबर्गरिंगला याच्याही पुढची गंमत झाली. एकदम आलेल्या पावसाने पहिल्याच वळणावर एकामागून एक गाड्या घसरून मातीत गेल्या. लुईस हॅमिल्टनने इंजिन बंद पडू दिलं नाही, बेल्टही सोडला नाही. क्रेनने त्याला गाडीसकट उचलून पुन्हा ट्रॅकवर ठेवलं आणि तो शर्यतीत परतला! पण त्याच वळणावर व्हितांतोनियो ल्युत्सीची गाडी घसरत जाऊन तिथे काम करणाऱ्या ट्रॅक्टरला टेकली. तेव्हा वेग कमी होता, म्हणून लोक हसले.

सुझुकाचं वळण

मी जन्मभर विसरणार नाही असा रविवार म्हणजे ५ ऑक्टोबर २०१४. जपानची सुझुका शर्यत, वादळाचा पाऊस आणि मावळत चाललेला उजेड. सातव्या वळणावर ॲड्रियन सुटिलची सॉबर घसरून बाहेर गेली. तिला काढायला उचलयंत्र आलं. दोन पिवळे झेंडे फडकत होते. त्यांचा अर्थ असा, की वेग कमी करा, थांबायच्या तयारीने चला. पुढच्याच फेरीत ज्यूल बियांकीची मारुसिया त्याच जागी घसरली आणि थेट त्या यंत्राखाली घुसली.

पंचवीस वर्षांचा मुलगा. त्याच वर्षी मोनॅकोत नववा येऊन त्याने आपल्या छोट्याशा संघाला पहिले गुण मिळवून दिले होते. नऊ महिने तो बेशुद्धच राहिला आणि १७ जुलै २०१५ ला गेला. त्याचा १७ क्रमांक फॉर्म्युला वनने निवृत्त केला.

एफआयए या आंतरराष्ट्रीय मोटार संघटनेने चौकशी समिती नेमली. तिच्या अहवालातला एक आकडा माझ्या मनात बसून राहिला. सुमारे ७०० किलोची गाडी, ६,५०० किलोच्या यंत्राला, ताशी १२६ किलोमीटर वेगाने. यंत्राला खालून पत्र्याची झालर लावली असती तर? कॉकपिट बंदिस्त असतं तर? समितीने म्हटलं, एवढ्या प्रचंड आघातापुढे या दोन्हींचा उपयोग झाला नसता. म्हणजे उपाय गाडीत नव्हता आणि यंत्रातही नव्हता. माणूस आणि यंत्र ट्रॅकजवळ असताना बाकीच्यांनी हळू चालायचं, एवढाच तो होता. पुढच्या वर्षी, २०१५ मध्ये, 'व्हर्च्युअल सेफ्टी कार' आली. आता इशारा मिळाला की प्रत्येक चालकाला ठरावीक वेगमर्यादा पाळावीच लागते. 'हळू' म्हणजे नेमकं किती, हे त्याच्या मर्जीवर राहिलं नाही.

तरी २०२२ मध्ये त्याच सुझुकावर, तसल्याच पावसात, पिएर गॅस्लीला धुक्यासारख्या फवाऱ्यातून अचानक ट्रॅकवर उचलयंत्र दिसलं. तो थोडक्यात बाजूने गेला. सेफ्टी कार बाहेर होती, पण मागे पडलेला गॅस्ली बाकीच्यांना गाठायला वेगात येत होता, आणि त्याबद्दल त्यालाही दंड झाला. चालक भयंकर चिडले होते. आठ वर्षांत सगळे शिकले होते, आणि तरी पावसात चूक पुन्हा दाराशी आली होती.

खरं सांगायचं तर २०१४ नंतर काही काळ ते यंत्र मला खलनायक वाटायचं. बाबांसमोर एकदा तसं बोलले. ते काही म्हणाले नाहीत.

८२ ग्रॅम आणि ९ ग्रॅम

आता आमच्या कारखान्याकडे वळू. कारखाना म्हणजे जेवणाचं टेबल, त्यावर जुनं वर्तमानपत्र आणि बाजूला सात वर्षांचे आमचे चिरंजीव, ज्यांचं काम सांडलेले स्क्रू शोधणं.

आम्ही १/४३ हे प्रमाण निवडलं. मोटारींच्या छोट्या प्रतिकृतींमध्ये ते फार चालतं. मुळात ते आलं खेळण्यातल्या रेल्वेकडून. एक फूट म्हणजे ७ मिलिमीटर असा तो हिशेब. अडीच मीटर रुंद यंत्र आमच्या टेबलावर ५८ मिलिमीटरचं होतं. मुठीत मावतं आणि बारकावेही दाखवता येतात.

सामान सगळं घरचं आणि कोटीच्या बाजारातलं. अंगासाठी प्लॅस्टिकची पातळ शीट. बूमसाठी एकात एक सरकणाऱ्या चौकोनी नळ्या, शीट कापून बनवलेल्या. हायड्रॉलिक सिलिंडरसाठी बॉलपेनची रिकामी रिफिल आणि आत जाड टाचणी. पट्ट्यासाठी चपलेच्या दुकानातून आणलेली नाडी, उभी चिरून. हूक तांब्याच्या तारेचा. चाकं एका मोडक्या खेळण्याची. फटी भरायला एमसील. गाडीही आम्ही शीटचीच केली, कारण बाजारातली धातूची गाडी या कामाला फार जड होते.

पहिल्या रविवारी यंत्र तयार झालं. मी कौतुकाने बूम पूर्ण बाहेर काढली, हुकाला गाडी लटकवली आणि हात काढला. यंत्र नाकावर पडलं. पोरगा टाळ्या वाजवून हसला.

बाबा म्हणाले, "वजन किती ठेवलंयस?"

वजनाचा मी विचारच केला नव्हता. इंजिनिअर असून! लांबी ४३ पट कमी झाली की वजन ४३ पट कमी होत नाही. लांबी, रुंदी, उंची तिन्ही कमी होतात, म्हणून ४३ चा घन घ्यायचा, ७९,५०७. सुझुकाच्या अहवालातले आकडे घेतले. ६,५०० किलो भागिले ७९,५०७ म्हणजे साधारण ८२ ग्रॅम. ७०० किलोचे झाले जेमतेम ९ ग्रॅम. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं, तर आमची गाडी बरोबर ९ ग्रॅम भरली आणि यंत्र फक्त १४. ते पडणारच होतं.

मासे धरायच्या गळाला लावतात ती शिशाची मणीवजा वजनं आणली. ती मागच्या चाकांच्याही मागे, जितकी खाली बसतील तितकी खाली बसवली. काटा ८२ वर आला. आता बूम बाहेर काढली तरी यंत्र हललं नाही. "गाडी तीच, हूक तोच," बाबा नातवाला समजावत होते, "पण लांब हाताने उचललं की तोल जातो. पाण्याची बादली अंगाशी धरून उचल आणि हात लांब करून उचल, बघ बरं." त्यांच्या व्हॅनचं याच्या उलट होतं. बूम मागे, त्यामुळे बस उचलली की पुढची चाकं हलकी व्हायची आणि स्टिअरिंग ऐकायचं नाही. म्हणून पुढच्या बंपरवर त्यांनी रेल्वेच्या रुळाचा तुकडा बांधला होता.

मग मी दोन्ही हातांत दोन्ही वस्तू घेतल्या. एका तळव्यावर दहा रुपयांच्या नाण्याहून जरा जड अशी गाडी, दुसऱ्यावर साबणाच्या वडीएवढं वजन. अहवालातला आकडा मी शंभरदा वाचला असेन. तळहातावर तो त्या दिवशी पहिल्यांदा कळला.

पाठ कुणाची?

शेवटचं काम माणसांचं. १/४३ मध्ये माणूस चार सेंटिमीटरचा. तारेचा सांगाडा, त्यावर एमसील, नारिंगी रंग. चौघं केले. एक पट्टा ओवणारा, दोघं गाडी सावरणारे, एक क्रेनवाल्याला खूण करणारा. सगळे गाडीकडे बघत होते. फोटोला छान दिसत होतं.

बाबांनी टेबलाभोवती एक फेरी मारली. "रस्त्याकडे कोण बघतंय?"

"म्हणजे?"

"चौघांची पाठ येणाऱ्या गाड्यांकडे आहे. हे सगळे मरतील."

आवाज चढला नव्हता, पण पोराचाही हात थांबला. मग बाबा खुर्चीत बसले आणि त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. लहानपणी आमच्या घरी एक चाचा यायचे. बाबांच्या व्हॅनवरचे जोडीदार. माझ्यासाठी खिशात उस्मानिया बिस्किटांची पुडी असायची. मी दुसरीत असताना ते यायचे बंद झाले. बदली झाली, असं मला सांगितलं होतं.

सोलापूरच्या रस्त्यावर, पावसाळ्यातल्या एका रात्री, बसचा मागचा धुरा गेला होता. बाबा खाली शिरले होते. दिसत नव्हतं, म्हणून त्यांनी चाचांना म्हटलं, "जरा बत्ती धरा." चाचा वाकून बत्ती धरून उभे राहिले, पाठ रस्त्याकडे. मागून लॉरी आली. चाचा वाचले, पण पाय गुडघ्यातून गेला. पुढे त्यांना बसून करायचं काम मिळालं. ते बाबांना कधी काही बोलले नाहीत. बाबांनाच त्यांच्यासमोर जाववेना.

"मी त्याला बत्ती धर म्हटलं," बाबा म्हणाले. "रस्त्याकडे बघ म्हणायला पाहिजे होतं. अंधारात हाताने चाचपून काम झालं असतं."

आई दारात उभी होती. तिला सगळं माहीत होतं हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं.

बाबा उठून आत गेले आणि कपाटाच्या खणातून एक शिट्टी घेऊन आले. पितळी, काळवंडलेली. त्या रात्रीनंतर त्यांनी ती विकत घेतली होती. निवृत्त होईपर्यंत त्यांच्या व्हॅनवर एक माणूस फक्त रस्त्याकडे तोंड करून उभा असायचा, गळ्यात शिट्टी. डेपोतली पोरं चेष्टा करायची, की हा माणूस फुकटचा पगार घेतो. मी बाबांना सांगितलं की शर्यतीच्या ट्रॅकवरही मार्शलना हेच शिकवतात, येणाऱ्या गाड्यांना पाठ दाखवायची नाही. एक जण गाड्यांवर नजर ठेवतो, त्याच्या हाती शिट्टी असते, आणि ती वाजली की हातातलं सोडून पळायचं. ते काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तिकडे हे आधीपासून होतं का?" मी म्हटलं, "तिकडेही लोक असेच शिकले, बाबा."

पाचवा माणूस बाबांनी स्वतः केला. त्यांचा हात आता थरथरतो, त्यामुळे तो जरा वाकडा झालाय आणि बाकीच्यांहून जाडही. तो यंत्रापासून थोडा दूर, येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून उभा आहे. गळ्यात तारेचा एक बारीक तुकडा आहे, तो जवळून बघितला तरच दिसतो. पुढच्या बाजूला दोन पिवळे झेंडे लावलेत. सुझुकाचा अपघात मला मांडायचा नव्हता. त्या जागी काय व्हायला हवं होतं, ते मांडलंय.

दसऱ्याला बाबा चाचांचा पत्ता शोधून काढून त्यांना भेटून आले. मी गाडी चालवली, पण आत गेले नाही. दोन तासांनी बाहेर आले तेव्हा हातात उस्मानिया बिस्किटांची पुडी होती. "तुझ्यासाठी दिलीय," म्हणाले. "अजून दुसरीतच समजतो तुला."

वाचकहो, कधी हायवेवर बंद पडलेली गाडी आणि तिच्याभोवती दोन-चार माणसं दिसली, तर शक्य तितक्या लांबून आणि हळू जा. हॉर्न मारून बाजूला सारू नका. आपली गाडी बंद पडली तर मागे लांबवर त्रिकोण ठेवा, मुलांना रस्त्याच्या बाजूने न उतरवता पलीकडच्या दाराने उतरवा, आणि गाडीजवळ गप्पा मारत न थांबता कठड्यापलीकडे उभे राहा. मदतीला कुणी वाकलं असेल, तर तुम्ही रस्त्याकडे बघा.

आणि घरात पावसाळी रविवार असेल, मुलं मोबाइल सोडत नसतील, आजोबांना काम नसेल, तर प्लॅस्टिकची एक शीट आणि थोडं एमसील आणा. काटा मात्र आधीच जवळ ठेवा.